मुलाचा देश केवढा

आमच्या किनाऱ्यावर ‘तो देशावरचा आहे’ असं कुणी म्हणालं तर तो भारतातला आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. घाट चढून गेल्यावर काळ्या मातीचा, ज्वारी-बाजरीचा जो मुलूख लागतो तो देश, आणि घाटाखाली समुद्राच्या अंगाला आपण राहतो ते कोकण. शाळेच्या पुस्तकातला देश वेगळा, बोलण्यातला वेगळा. ही पुस्तिका लिहायला बसले तेव्हा पहिल्याच पानावर मी या शब्दापाशी अडले. आपल्याकडचं मूल दत्तक घ्यायला परदेशातून येणाऱ्या आईवडिलांना मुलाच्या जन्मदेशाची ओळख करून द्यायची, एवढं पक्कं होतं. कुठल्या देशाची, हे ठरायला दोन महिने गेले.

मी अर्नाळ्याची. मुंबईतल्या एका बालसंगोपन संस्थेत सव्वीस वर्षं समाजसेविका म्हणून नोकरी केली. सकाळची एसटी धरून विरार, तिथून लोकल, संध्याकाळी तसाच परत प्रवास. माझं मुख्य काम मुलांचे अहवाल लिहिण्याचं. मूल कधी बसायला लागलं, काय खातं, कशाला घाबरतं, कुणाच्या कडेवर जातं आणि कुणाच्या जात नाही, हे सगळं त्यात यावं लागतं. बाल अध्ययन अहवाल हे त्याचं कागदोपत्री नाव. जोडीला वैद्यकीय अहवाल असतो. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे दिल्लीच्या ‘कारा’च्या मार्फत हे कागद परदेशातल्या कुटुंबाकडे जातात आणि त्यांच्या आधारावर हजारो मैलांवरची दोन माणसं एका मुलाला आपलं म्हणायचं ठरवतात. सव्वीस वर्षांत एकही अहवाल मी सहज हाताने लिहू शकले नाही.

ती माणसं तयारी करून येतात. काही देशांत दत्तकाआधी पालकांना रीतसर वर्ग करावे लागतात. आंतरदेशीय दत्तकाच्या हेग कराराखाली मूल घ्यायचं तर अमेरिकेत किमान १० तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. आलेल्यांना गांधीजी माहीत असतात, दिवाळी माहीत असते, भारतात किती भाषा आहेत हेही तोंडपाठ असतं. घरच्या भिंतीवर नकाशा लावलेला असतो. त्या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण नकाशा एवढा मोठा आणि मूल एवढंसं, त्यामुळे त्यात मुलाची जागा कुठे ते त्यांना सापडत नाही.

निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका संस्थेतून साडेतीन वर्षांची मुलगी घेऊन उत्तर युरोपातलं एक जोडपं परत निघालं होतं. प्रवासाच्या कागदांसाठी चार दिवस थांबणं भाग होतं. मुंबईच्या हॉटेलात मुलगी रात्रभर जागी राहायची, म्हणून ओळखीतून ते तिघं माझ्याकडे अर्नाळ्याला आले. मुलीच्या ओठाची शस्त्रक्रिया झालेली होती. आता परदेशी जाणारी मुलं बहुतेक अशीच असतात, वयाने जरा मोठी किंवा काही दुखणं-व्यंग असलेली. भारतीय किंवा अनिवासी भारतीय पालक पुढे आले नाहीत, तरच मूल परदेशी कुटुंबाला दाखवता येतं. म्हणजे जे मूल जातं त्याच्याजवळ बहुतेक वेळा बोली असते, सवयी असतात, आवडीनिवडी असतात.

बाई वर्षभर हिंदी शिकल्या होत्या, आणि चांगल्या शिकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही किल्ल्यावर जायला निघालो. अर्नाळ्याचा किल्ला बेटावर आहे, वैतरणेच्या मुखाशी. ओहोटीला होडी काठापर्यंत येत नाही. गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन तिच्यात चढावं लागतं. मुलीने समुद्र पहिल्यांदाच पाहिला होता. पाय पाण्याला लागले आणि तिने जी किंकाळी फोडली ती काठावर बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांनीही ऐकली. आई वाकून पुन्हा पुन्हा म्हणत होती, ‘डरो मत, बेटा, डरो मत.’ शब्द बरोबर होते, आवाजात माया होती, पण मुलीपर्यंत काही पोचत नव्हतं. होडीतल्या एका कोळणीने हात पुढे केले आणि म्हणाली, ‘ये गो बाय.’ मुलगी गेली. कमरेवर बसली, पदराचं टोक मुठीत धरलं आणि गप्प झाली.

आई पाण्यात तशीच उभी राहिली. मत्सर नव्हता तो. संध्याकाळी वही घेऊन माझ्यासमोर बसली तेव्हा तिने एवढंच विचारलं, ‘त्या बाई काय बोलल्या?’

त्या रात्री मी तिला वीस शब्द लिहून दिले. या पुस्तिकेचं पहिलं प्रकरण म्हणजे तेच वीस शब्द, आता वाढून नव्वद झालेले. मंमं, दुदू, जोजो, भुर्र, बाऊ. हम्मा आणि भूभू. चिऊ-काऊ. शू आली, शी झाली. भिऊ नको. कडेवर घे. कुठल्याही शब्दकोशात हे एका जागी मिळायचे नाहीत, आणि दोन-तीन वर्षांच्या मराठी मुलाचा सगळा संसार एवढ्यावर चालतो. ‘नको’ हा शब्द तर मी पहिल्या ओळीत घातला आहे. मूल पहिले काही आठवडे बोलून नकार देतं. तो कुणाला कळत नाही असं दिसलं की मग अंग ताठ करून, ताट ढकलून देतं, आणि कागदावर ‘हट्टी स्वभाव’ अशी नोंद होते.

‘मावशी’ या शब्दावर दोन पानं खर्ची पडली आहेत, त्याला कारण आहे. संस्थेतली मुलं सांभाळणाऱ्या बाईला मावशी म्हणतात. परदेशी पालकांना याचं भाषांतर ‘आईची बहीण’ असं मिळतं आणि ते गोंधळतात, की मुलाचे नातेवाईक आहेत आणि आपल्यापासून लपवले! माय मरो पण मावशी उरो, अशी म्हण असलेल्या भाषेत तो शब्द किती वजनाचा आहे, हे सांगितल्याशिवाय त्यांना कळायचं नाही. मूल विमानात रडतं ते भारतासाठी रडत नाही. मावशीसाठी रडतं. तिचा एक फोटो आणि तिच्या आवाजातली दोन मिनिटांची अंगाई फोनवर घेऊन जा, असं मी प्रत्येकाला सांगत आले.

पुढची प्रकरणं घरातल्या गोष्टींची आहेत. खिमट कसं शिजवायचं, म्हणजे तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून, भरड दळून, मऊ. वरणभात हाताने कालवून भरवला तर मूल खातं, चमच्याने दिला तर तोंड फिरवतं. चव तीच असूनही. अंघोळ बादली-तांब्याने झालेली असते, डोक्यावर वरून अचानक शॉवर सुटला की पाऊस घरात शिरल्यासारखं घाबरतं. आणि झोप. एका खोलीत बारा-पंधरा मुलं, वर पंख्याचा घरघराट, कुणाचं तरी रडणं, मावशीच्या बांगड्या, अशात झोपलेल्या मुलाला तिकडे स्वतंत्र खोली मिळते. सुंदर, रंगवलेली, निःशब्द. त्या शांततेची त्याला भीती वाटते. एका कुटुंबाने माझं ऐकून हिवाळ्यात महिनाभर पंखा चालू ठेवला होता, भिंतीकडे तोंड करून, नुसत्या आवाजासाठी.

मग किल्ला, इतिहास, सण यांचं काय? ते नको का? हवं. पण त्याची वेळ पुढे येते. आम्ही होडीने गेलो तेव्हा त्या गृहस्थांना अर्नाळ्याचा इतिहास माझ्याहून चांगला ठाऊक होता. गुजरातच्या सुलतानाने इथे कोट बांधला, मग पोर्तुगीज आले, १७३७ साली मराठ्यांनी बेट घेतलं, पुढे इंग्रज. दरवाजाशी उभे राहून ते सांगत होते आणि मुलगी वरच्या दगडात कोरलेल्या हत्तीकडे बोट दाखवत होती. आई म्हणाली, ‘हाथी.’ मुलगी पहिल्यांदा हसली. ‘हत्ती!’ तिने दुरुस्त केलं, ‘त’वर जोर देऊन. आईने चार वेळा म्हणून पाहिलं. पंधरा वर्षांची झाल्यावर तिला १७३७ लागेल. त्या दिवशी तिला तिच्या शब्दाला ओ देणारं माणूस लागत होतं.

जागेचं नाव ऐकून फसगत कशी होते, त्याचं एक उदाहरण मी या पुस्तिकेत सविस्तर दिलं आहे. नाशिकजवळच्या खेड्यात १९६७ साली जन्मलेली एक मुलगी मुंबईच्या अनाथालयातून १९७४ मध्ये बार्सिलोनाला गेली. तिचं नाव आशा मिरो. १९९५ मध्ये ती मोठी होऊन परत आली तेव्हा मराठी पार विसरली होती. तिने आपल्या शोधाचं पुस्तक लिहिलं, ते २००३ मध्ये कॅटलान भाषेत निघालं आणि गाजलं. त्याच्या नावाचा अर्थ ‘गंगेची लेक’. परदेशी वाचकाच्या डोळ्यांसमोर काशीचे घाट येतात. पण नाशिकला ‘गंगेवर जाऊन येते’ म्हणाली की बाई गोदावरीवर निघालेली असते. तिथला घाटही गंगाघाटच. नाशिककर वाचकाला ते नाव वाचताक्षणी घर दिसतं, बाकीच्यांना हजार मैलांवरची दुसरी नदी दिसते. जशी देश या शब्दाची गत, तशीच गंगेची.

त्याच शोधात पुढे तिला सख्खी बहीण सापडली, आणि तिचंही नाव आशाच. त्या पुस्तकात दत्तक आईच्या रोजनिशीतले उतारे आहेत. इतक्या वर्षांपूर्वी, कुणी वर्ग घेतले नव्हते तेव्हा, त्या माउलीने मुलीच्या पहिल्या दिवसांची नोंद ठेवली. मी पालकांना रोजनिशी लिहायला सांगते त्यामागे हे पुस्तक आहे. पहिल्या तीन महिन्यांत मूल जे शब्द बोलतं ते ऐकू येतील तसे, अर्थ कळो न कळो, लिहून ठेवा. भाषा फार लवकर जाते. सहा महिन्यांत दोन-तीन वर्षांच्या मुलाचं मराठी पुसलेलं मी पाहिलं आहे, आणि कुणी उतरवून ठेवलं नाही तर त्या मुलापाशी आपल्या पहिल्या बोलण्याचा कसलाच पुरावा उरत नाही.

कायद्याचा भाग मी थोडक्यात उरकला आहे, कारण तो बदलत राहतो आणि ‘कारा’ची नियमावली सगळ्यांना उपलब्ध आहे. तरी एक टप्पा माहीत असावा. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये, न्यायमूर्ती भगवतींच्या हातून, परदेशी दत्तकाला पहिल्यांदा शिस्त लावली. त्याआधी पालकांनी भारतात पाऊलही न ठेवता मुलं कुणाच्या तरी सोबतीने विमानात बसवून दिलेली आहेत. १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये मान्य केला. त्या कराराने मुलाची वांशिक, धार्मिक, सांस्कृतिक पार्श्वभूमी विचारात घेणं आणि त्याच्या मुळांची माहिती जपणं हे सरकारी यंत्रणांचं कर्तव्य ठरवलं. कागदावरचं ते कर्तव्य घरात कोण आणि कसं पाळणार, तेवढं सांगायला ही पुस्तिका आहे.

आपल्याच लोकांनाही ती लागेल. परदेशात राहणारी मराठी जोडपी दत्तकासाठी येतात तेव्हा त्यांना वाटतं, आपल्याला कसली ओळख करून घ्यायची? पण त्यांच्याजवळ असतं ते त्यांनी सोडलं तेव्हाचं पुणं किंवा दादर. मूल मोखाड्याच्या वारली पाड्यावरचं असेल, पारध्यांच्या पालावरचं असेल, ऊसतोडीच्या कोपीवर जन्मलेलं असेल. त्यांच्या घरातला गणपती आणि पुरणपोळी त्या मुलालाही तितकीच नवी असते. लिसा स्थळेकरची गोष्ट मला इथे आठवते. १९७९ मध्ये पुण्यात जन्मलेली, ससूनच्या आवारातल्या ‘श्रीवत्स’मधून मूळ मुंबईच्या हरेन स्थळेकर आणि त्यांच्या इंग्रज पत्नीने तिला तान्हेपणी नेलं. पुढे ती ऑस्ट्रेलियाकडून खेळली, आणि २०१३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला शेवटचा झेल तिनेच घेतला. वडिलांनी अंगणात क्रिकेट दिलं, तो त्यांच्या आठवणीतला मुंबईचा तुकडा होता. पण ‘श्रीवत्स’मध्ये ती २०१२ मध्ये आपली आपण जाऊन आली. वडिलांचा देश आणि मुलीचा देश जवळजवळ असले तरी एक नसतात.

सगळ्यात अवघड प्रकरण शेवटचं आहे. मूल का सोडलं गेलं?

परदेशी पालकांना यावर एक तयार उत्तर मिळालेलं असतं, गरिबी. कधी दुसरं, की इथे मुली नकोशा असतात. दोन्ही खरं आहे, पण तेवढंच घेऊन गेलं की घरात मुलाच्या जन्मदेशाबद्दल हळूहळू एक कीव साचत जाते आणि मूल ती ओळखतं. म्हणून मी त्यांना इथून सुरुवात करायला सांगते: पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेला दिवस गेले तर तिच्यापुढे विहीर नाहीतर बाळाचा गळा, असे दोनच रस्ते होते तेव्हा. जीव द्यायला निघालेल्या काशीबाई नावाच्या विधवेला त्यांनी आणलं आणि १८७४ मध्ये झालेला तिचा मुलगा आपला म्हणून वाढवला. तो यशवंत. पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्याच दवाखान्यात रोगी आणता आणता गेल्या. १८७५ साली पंढरपूरला बालकाश्रम निघाला. ही लाज जिथली, तिला आडवी येणारी माणसंही तिथलीच, हे मुलाला सांगता आलं पाहिजे. मूल सोपवणाऱ्या आईला आज कायद्याने फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. ते ६० दिवस एकेका बाईने कसे काढले, ते मी पाहिलं आहे. काही परत आल्या. काही दाराशी येऊन परत गेल्या.

आणि कित्येक मुलांच्या फायलीत आईच नसते. ‘सापडले’ एवढंच. एसटी स्टँड, देवळाची पायरी, दवाखान्याचा व्हरांडा. जन्मतारीख डॉक्टरांच्या अंदाजाची. आमच्याकडे माणूस गावाशी बांधलेला असतो ते ‘माझी नाळ तिथे पुरलीय’ या बोलण्याने. या मुलांची नाळ कुठे पुरली ते सांगणारं कुणी नाही. म्हणून सापडल्याचं ठिकाण पालकांनी स्वतः जाऊन पाहावं, तिथे थोडा वेळ बसावं, चार फोटो घ्यावेत. आणि अंगावरच्या कपड्यांची नोंद नीट वाचावी.

आमच्या त्या मुलीच्या फायलीत अशी नोंद होती. अर्नाळ्यातल्या तिसऱ्या रात्री, ती झोपल्यावर, तिच्या वडिलांनी ती मला वाचून दाखवली. इंग्रजी भाषांतर होतं: वय अंदाजे आठ महिने, पिवळं झबलं, कमरेभोवती काळी दोरी, दोरीत भोक पडलेलं नाणं. दोरी कशासाठी होती, असं त्यांनी विचारलं. आवाज जपून होता. कुणी बांधून ठेवलं होतं का हिला, असं त्यांच्या मनात वर्षभर होतं. बायकोला ते बोलले नव्हते.

मी म्हटलं, तो करगोटा आहे. आमच्याकडे लहान बाळाच्या कमरेला काळा करगोटा बांधतात, दृष्ट लागू नये म्हणून. आपल्या बाळाला कुणाची नजर लागेल असं ज्याला वाटतं, ते माणूस तो बांधतं. आणि नाण्याला भोक पाडलेलं नाही, तो भोकाचाच पैसा आहे. १९४३ पासून १९४७ पर्यंत सरकार तसाच पाडत होतं. मुलगी जन्मली त्याच्या कितीतरी आधी तो चलनातून गेला. म्हणजे कुणाच्या तरी घरात, डब्यात, गाठोड्यात तो एवढी वर्षं जपलेला होता, बहुधा म्हाताऱ्या माणसाने, आणि घरात हे बाळ आल्यावर काढून ओवला.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून पाकीट आणलं. संस्थेने सगळं जपून दिलं होतं. दोरा कुजत आलेला, पैसा हिरवट पडलेला. बायकोला उठवून त्यांनी तिच्या तळहातावर तो ठेवला आणि आपल्या भाषेत सांगायला लागले. मी आत गेले.

सकाळी बाजारातून आम्ही काळ्या दोऱ्याची गुंडी आणली. ओटीवर बसून मी पीळ घालत होते तेव्हा मुलगी आपणहून फ्रॉक वर धरून समोर उभी राहिली. तिला ठाऊक होतं कुठे बांधायचा ते. गाठ कशी मारायची ते आईने दोनदा पाहून घेतलं, आणि वहीत चित्र काढलं. तेच चित्र या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर तिच्या परवानगीने छापलं आहे.

अर्नाळा, नारळी पौर्णिमा